नानांची मोकळी खोली

नाना स्वतःच्या निजायच्या खोलीत शिरताना आधी दारावर बोटं वाजवत. आत कुणी नसायचं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, पुतण्या गावात वेगळा राहायचा. तरी नाना दार वाजवत, थोडं थांबत, मग वहाणा, टोपी, चष्मा, तंबाखूची डबी, मोबाइल सगळं बाहेरच्या कोनाड्यात काढून ठेवत आणि आत जात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा देवघरात चाललाय. देव तर पुढच्या खोलीत होते, आणि त्यांच्यासमोर नाना खुशाल तंबाखू मळत बसायचे.

मी गुरांचा डॉक्टर. खरा डॉक्टर तालुक्याला बसतो, मी त्याच्या हाताखालचा. पण खेड्यात म्हशीला सुई टोचील तो डॉक्टर. बदली होऊन युसूफ वडगावला आलो आणि बाजाराच्या रस्त्याला नानांच्या माडीवर दोन खोल्या मिळाल्या. नाना मंडपवाले. गावातलं नाहीतर आसपासच्या वस्त्यांवरचं लग्न असो, बारसं असो, दहावा-तेरावा असो, गाद्या, सतरंज्या, कनाती, खुर्च्या आणि आत बसून अंघोळ करता येईल अशी पातेली, सगळं नानांच्या गोदामातून जायचं. आता धंदा पुतण्या बघायचा. नाना गोदामाच्या दारात खुर्ची टाकून बसायचे आणि परत आलेली प्रत्येक गादी नाकाशी धरून हुंगायचे.

"हुंगता काय हो नाना?" मी एकदा विचारलं. "मी गाईला हुंगत नाही इतकं."

"गाय सांगती तुमाला, दुखतंय म्हनून. गादी कुटं सांगती? हुंगावंच लागतंय. सामानाला याद असती, डॉक्टर. माणूस इसरतो, सामान इसरत न्हाई."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुठल्याही विषयात ते घुसडायचे. निवडणुकीवर बोलणं निघालं तरी शेवटी गाडी पुढाऱ्याच्या खुर्चीला काय आठवत असेल इथं येऊन थांबायची. गावात त्यांना कुणी वेडं म्हणत नव्हतं, पण त्यांची गोष्ट निघाली की लोक हसून विषय बदलायचे. हसण्यातलं हसू किती आणि भीती किती, हे मला फार उशिरा कळलं.

एका लग्नाची गोष्ट मात्र मला तिथल्या सगळ्यांनी आपापल्या परीने सांगितली आहे. गोदामात एक लाल मखमली गादी होती, नवरदेवाला बसायला शोभेल अशी. पण नाना ती लग्नाला देत नसत. फक्त दुःखाच्या घरी धाडत. एका पुढाऱ्याच्या पोराच्या लग्नात पुढाऱ्याची माणसं आली आणि हीच पाहिजे म्हणून हटून बसली. नाना म्हणाले, ती सोडून कुठलीबी न्या. माणसांनी उचलून नेली. पुढारी तो पुढारी, त्याला कोण अडवणार? दुसऱ्या दिवशी मंगलाष्टकांच्या आधी नवरदेव स्टेजवर बसल्या बसल्या पेंगला आणि झोपेत मोठ्याने रडायला लागला. "माय, दार उघड. माय, दार उघड," असं म्हणत हुंदके देत होता. त्याची माय ओवाळायचं ताट घेऊन समोर उभी होती. जागा केला तर त्याला काही आठवेना, गाल मात्र ओले.

मी म्हणालो, वरातीत नाचून पोरगं दमलं असेल, त्यात उन्हाळा, डोक्याला फेटा. असं होतं. नाना मान हलवत राहिले. मग हळूच म्हणाले, "ती गादी आधी माळावरच्या एका घरी गेलती, डॉक्टर. त्या घरात दार उघडायला कुणी उरलं न्हवतं."

मी त्या दिवसापासून गोदामातल्या गाद्यांना टेकून बसायचं सोडलं. शिकलेला माणूस आहे, पण उगाच कशाला?

खोलीत काय होतं ते सांगायला वेळ लागत नाही. एक लोखंडी खाट, तिच्यावर पांढरी चादर. कोपऱ्यात पाण्याची घागर. संपलं. भिंतींना चुना, खाली शहाबादी फरशी, उत्तरेला एक खिडकी. खिळा नाही, खुंटी नाही, कॅलेंडर नाही, घड्याळ नाही. बाहेर मे महिन्याचं ऊन डोळ्यांपुढे अंधारी आणत असताना त्या दारात उभं राहिलं की तळपायांना गार लागायचं. रस्त्यावरून ट्रॅक्टर गाणी लावून जायचे, त्यांचा आवाज तिथे पोचेपर्यंत मऊ व्हायचा. मन निवावं अशी खोली होती. खरं सांगायचं तर मन निवायचं आणि अंगावर काटाही यायचा. कारण खाट भिंतीला लावलेली नव्हती, मधोमध होती, दोन माणसांपुरती रुंद होती, आणि नाना तिच्या एका कडेला अंग चोरून झोपायचे. दुसऱ्या कडेच्या चादरीला मी कधी सुरकुती पाहिली नाही.

बायकोचा फोटो पुढच्या खोलीत होता, सुकलेल्या हारासकट. नानांचा एक लंगोटीयार रोज तंबाखू खायला यायचा. तो एकदा माझ्यादेखत म्हणाला, "निजायच्या खोलीत वैनीचा फोटो तरी लाव की बे. मोकळं मोकळं दिसतंय."

नाना त्याच्याकडे बघतच राहिले. "जितं माणूस हाय तितं फोटो कावून लावायचा?"

लंगोटीयाराने तोंडातली तंबाखू थुंकली आणि घरी निघून गेला. त्यानंतर तो यायचा, पण रस्त्यावरूनच बोलायचा.

माझी मेव्हणी पुण्यात शिकते. ती आली की आमच्या घरातल्या प्रत्येक वस्तूला नाव ठेवते, म्हणून नानांची खोली दाखवायला मी तिला मुद्दाम खाली नेलं. दारातून बघून ती खूश झाली. "दाजी, पुण्यात लोक असली बेडरूम करून घ्यायला माणसं बोलावतात. मिनिमलिस्ट म्हणतात ह्याला."

"काय म्हनतेत?" नानांनी विचारलं.

"मिनिमलिस्ट. म्हणजे कमीत कमी सामान."

"मंग माझं आजून ऱ्हायलंय. घागर हाय," नाना म्हणाले. आम्ही हसलो. नानाही हसले. मेव्हणीने फोटो काढायला मोबाइल वर धरला, तशी नानांनी पुढे होऊन त्याच्यासमोर तळहात धरला. रागाने नाही, माशी वारावी तसा. "नको माय. निजलेल्या माणसाचा फोटो काढू न्हाई."

खाट रिकामी होती. मेव्हणीने खाटेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मोबाइल खाली घेतला. जेवणापर्यंत तिने परत त्याला हात लावला नाही, आणि आमच्या घरात ही गोष्ट नानांच्या खोलीपेक्षा जास्त चमत्कारिक होती.

आता आमच्या खोलीबद्दल सांगायला हवं. तिथे चालायला वाट नव्हती. लग्नात आलेलं लोखंडी कपाट, आरशाचं टेबल, बॅगांवर बॅगा, भिंतीवर धावणारे घोडे आणि तिरुपतीचा बालाजी, आणि मधे पोटात सामान भरायची सोय असलेला दिवाण. आमचं पहिलं बाळ होणार होतं म्हणून त्यातही आणखी भर पडत होती. मग दिवस भरत आले असताना बाळ पोटातच गेलं. दवाखान्यातून माझ्या हातात दिलं तेव्हा ते झोपल्यासारखं दिसत होतं. मी आणि माझे सासरे जाऊन ओढ्याच्या काठी पुरून आलो. हिला, माझ्या बायकोला, त्याचं तोंड दाखवलं नाही. जाणत्या बायकांनी दाखवू दिलं नाही, आणि मीही दाखवा म्हणालो नाही, कारण ते बघून ही जगेल असं मला वाटलं नव्हतं.

त्यानंतर हिची झोप गेली. डोळे मिटून पडायची, पण झोपलेली नसायची. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी गुंगी यायची, झोप नाही. सासूबाई तिला कपिलधारला दर्शनाला घेऊन गेल्या. कुणी उशाला कोयता ठेवायला सांगितला. महिने गेले. भाकरी थापता थापता ती तव्याकडे बघत थांबायची आणि भाकरी करपून धूर व्हायचा. मला घरी यायची भीती वाटायला लागली होती. वासरू दगावलं की आमच्याकडे त्याचं कातडं भुशाने भरून गाईपुढे ठेवतात, गाय ते चाटते आणि पान्हा सोडते. मी असल्या गाया कितीतरी पाहिल्या आहेत. एकदा ही उशी मांडीवर घेऊन बसलेली दिसली आणि मी तसाच दारातून परत फिरलो.

नाना एका दुपारी वर आले. उंबऱ्यातच बसले, आत आले नाहीत.

"माय, लेटल्यावर काय वाटतं तुला?"

इतक्या डॉक्टरांनी इतकं विचारलं होतं, हे कुणी विचारलं नव्हतं. ही म्हणाली, "कुणीतरी जागं हाय असं वाटतंय, नाना."

"कुटं?"

"इतंच."

मी म्हणणार होतो की भास आहे, अशक्तपणा आहे. नानांनी माझ्याकडे न बघता हाताने मला गप केलं. "मंग तुला कशी झोप लागंल? जागं लेकरू सोडून कोण झोपतं?"

मला त्यांचा असा राग आला की काय सांगू. जे नाव आम्ही घरात घेत नव्हतो ते ह्या म्हाताऱ्याने उंबऱ्यात बसून घेतलं. पण हिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि माझा राग जिरला. कितीतरी दिवसांनी ती कुणाकडे तरी नीट बघत होती.

दुसऱ्या दिवसापासून नानांनी आमची खोली रिकामी करायला घेतली. पुतण्याची माणसं सामान उचलायची, नाना एकेक वस्तू दारात थांबवून हुंगायचे. "हे कुणी दिलं? ते माणूस हाय का आता? बरं, जाऊ द्या खाली." आरशाचं टेबल त्यांनी न हुंगताच खाली धाडलं. "आरसा खाटंसमोर? म्हंजी झोपंत बी पाव्हणे!" ही किंचित हसली. घोडे गेले, बालाजी नमस्कार घेऊन पुढच्या खोलीत गेला, कपाट गेलं, घड्याळ गेलं. भिंती उघड्या पडल्या तेव्हा खोली केवढी मोठी आहे ते मला पहिल्यांदा कळलं. शेवटी दिवाण तेवढा राहिला. नानांनी त्याच्या फळीवर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून बसले, मी गाभण गाईच्या कुशीवर ठेवतो तसा.

"ह्याच्या पोटात काय हाय, माय?"

मी म्हणालो, जुनी अंथरुणं असतील. मला खरंच माहीत नव्हतं.

"झबली हायेत," ती म्हणाली.

आमच्याकडे बाळाला पहिले कपडे नवे घालत नाहीत. ज्या घरची लेकरं जगली-वाढली त्या घरचं जुनं झबलं, टोपरं मागून आणतात, म्हणजे त्या लेकरांचं आयुष्य ह्यालाही लाभतं. माझ्या सासूबाईंनी डोहाळजेवणाच्या आधीच त्यांच्या गावची, उमापूरची, घरं पालथी घालून गाठोडंभर आणली होती. इतकी घाई करू नये असं म्हणतात, पण पहिला नातू, त्यांना धीर कुठला निघतोय! आणि मग हे झालं. आता त्या कपड्यांचं करायचं काय? परत द्यायचे तर कुठली आई ते पुन्हा आपल्या घरात घेईल? जाळायचे, टाकायचे, तर ते जित्या लेकरांच्या अंगचे, त्यांचं काही वाईट झालं तर? दुसऱ्या कुणाला देता येत नाहीत. ज्यांचे होते त्यांनी मागितले नाहीत आणि सासूबाईंनी विषय काढला नाही. हिने ते दिवाणात ठेवले आणि त्यांच्यावर निजत राहिली, म्हणजे न निजत राहिली. इतके महिने मी शेजारी होतो आणि मला पत्ता नव्हता.

नाना म्हणाले, "मी घिऊन जातो."

"तुमी? तुमच्या खोलीत तर—"

"मी न्हाई सांभाळणार, माय. मला कुटं जमतंय! पर घरात सांभाळणारं माणूस हाय. तिला लई हौस व्हती."

"नाना, हिच्यासमोर असलं काही बोलू नका," मी म्हणालो.

"तुमी गप बसा," ही मला म्हणाली. लग्नानंतर त्या आवाजात ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. फळी उचलून तिने गाठोडं काढलं, थोडा वेळ छातीशी धरलं आणि नानांच्या हातात दिलं. गाठोड्याला डोकं नसतं हे मला माहीत आहे. पण नानांनी ते घेताना एक हात खाली धरला आणि दुसरा वरच्या टोकाला आधार दिला. जिन्याच्या पायऱ्या ते एकेक पाय जुळवत उतरले. मग खालचं दार वाजल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने दार लागल्याचा.

दिवाणही खाली गेल्यावर ही रिकाम्या खोलीत फरशीवर चटई टाकून आडवी झाली आणि झोपली. मी तिच्याजवळ बसून तिचा श्वास ऐकत राहिलो. दिवेलागणीला तिने कूस बदलली आणि पुन्हा झोपली. मी तोंडावर हात धरून रडलो, कारण आवाजाने ती उठली असती.

त्यानंतर तिची तब्येत सुधारली. भाकऱ्या करपायच्या थांबल्या. आम्ही दिवाण परत आणला नाही. चटई, दोन वळकट्या आणि पाण्याचा तांब्या एवढ्यावर आमचं भागायला लागलं. मेव्हणी फोनवर म्हणाली, तुम्हीपण मिनिमलिस्ट झालात की! पण खाली नानांचं मात्र बदललं. ते खोलीत झोपेनासे झाले. गोदामात गाद्यांच्या थप्प्यांच्या मधे त्यांनी अंथरूण टाकलं, ज्या गाद्यांना ते दिवसासुद्धा टेकत नसत. डोळे लाल, गाल बसलेले.

"नाना, खोलीत का झोपत नाही?"

"खाटंवर जागा न्हाई आता," ते सहज म्हणाले. "आन ह्या गाद्या लई बोलतेत. झोपूच देत न्हाईत."

ज्या खोलीतून त्यांनी एकेक वस्तू बाहेर काढली होती, ती त्यांनी देऊन टाकली होती. मला अपराध्यासारखं वाटायचं, पण परत घेतो असं म्हणायची हिंमत नव्हती. हिची झोप होती ना. पुतण्याच्या टेंपोला आता दारात हॉर्न वाजवायची बंदी झाली. वर ही मिक्सर लावू लागली की नाना जिन्यातून हळू आवाजात म्हणायचे, "माय, दुपारचं नको गं." आणि ही काही न विचारता बटण बंद करायची. चटणी पाट्यावर वाटायची.

एका दुपारी मी कामावरून आलो तर खालच्या खोलीतून खाट करकरत होती. थांबून थांबून, एका लयीत. मांडीवर लेकरू घेऊन कुणी मागंपुढं झुलावं, तशी. दार बंद होतं. नाना माझ्यासमोर गोदामाच्या दारात बसून भाकरी खात होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि घास चावत राहिले. खिडकी उघडी असेल, वारा असेल, असं मी स्वतःला सांगितलं. लोखंडी खाट वाऱ्याने करकरत नाही एवढं मलाही कळतं. मी चपला काढून हातात घेतल्या आणि जिना चढलो.

माझी बदली गेवराई तालुक्यात झाली. हिचं माहेर उमापूर जवळ आलं म्हणून सगळ्यांना आनंद. सामान बांधून झालं, टेंपो भरला आणि ही म्हणाली, "मी गाठोडं घिऊन येते."

मी तिला समजावलं. इतकं बरं झालंय, पुन्हा सगळं सुरू होईल, असं म्हणालो. ती म्हणाली, "माझं हाय ते. दुसऱ्याच्या घरात टाकून कसं जाऊ?"

आम्ही खाली गेलो. भर दुपार होती. नाना खोलीच्या दाराबाहेर फरशीवर भिंतीला टेकून बसले होते. ही काय मागायला आली ते तिने सांगितलं. नाना उठले नाहीत. त्यांनी हात लांबवून दाराची कडी धरली. पुढाऱ्यांनासुद्धा न भ्यालेला हा माणूस मला पहिल्यांदा घाबरलेला दिसला.

"तुझंच हाय, माय," ते म्हणाले. "न्हाई म्हनायचा मला हक्क न्हाई. घिऊन जा." मग दाराकडे पाहून त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "पर आत्ताच डोळा लागलाय दोघांचा."

हिने पुढे होऊन दाराला कान लावला. मी तिचा चेहरा बघत होतो. तिचे डोळे मिटले, ओठ किंचित उघडले, आणि तिने ओठांवर बोट ठेवून मला मागे व्हायला सांगितलं. किती वेळ ती तिथे होती सांगता येणार नाही. निघताना तिने वाकून नानांच्या पायांना हात लावला आणि चपला काढून हातात घेतल्या. तिने काय ऐकलं ते मी तिला आजवर विचारलेलं नाही.

बाहेर ड्रायव्हर चावी फिरवणार, तोच तिने धावत जाऊन खिडकीतून त्याचा हात धरला. मग ड्रायव्हर, पुतण्या आणि मी असे मिळून आम्ही तो भरलेला टेंपो घामाघूम होत बाजाराच्या कोपऱ्यापर्यंत हातांनी ढकलत नेला. ही मागून तापलेल्या डांबरावर अनवाणी चालत होती.